उसाच्या कडेला गप्प बसलेली माणसं

गावात माझी ओळख तोंडाळ बाई अशी आहे आणि ती खोटी नाही. मी ब्लाउज शिवते. माप चुकलं म्हणून कुणी तक्रार घेऊन आली तर मी तिलाच विचारते, की दिवाळीचे लाडू मोजून खाल्ले होतेस का. बायका हसतात, शिव्या देतात आणि पुढचं ब्लाउजही माझ्याकडंच टाकतात. ही बाई कुणाला भीत नाही असं त्यांना वाटतं. मी सात वर्षं भीत जगले, हे त्यांना कळू न देण्यातच माझा निम्मा जीव खर्च झाला.

मला एकच मुलगी. नवरा फौजेत, वर्षातून दोनदा घरी. घरात सासूबाई, मी आणि ती. आमची वस्ती पाटणकडून कराडला येताना नदीच्या अंगाला आहे, गावापासून थोडी बाजूला, आणि परसाला लागूनच ऊस सुरू होतो.

मुलगी चार वर्षांची झाली तरी बोलेना, हाकेला बघेना, एकाच डब्याचं झाकण तासन् तास फिरवत बसायची. तेव्हा मी तिला सांगलीला दाखवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी ऑटिझम हा शब्द सांगितला, मराठीत स्वमग्नता म्हणतात तेही सांगितलं. म्हणाल्या, हा रोग नाही, हिची घडणच निराळी आहे, ती समजून घेतलीत तर पोरगी सुखात राहील. मी मान डोलावली. सांगलीहून कराडला येईपर्यंत एसटीत मी एकाच गोष्टीचा विचार केला, की हे लपवायचं कसं. घरी आल्यावर फाइल ट्रंकेत लग्नातल्या शालूखाली ठेवली आणि सासूबाईंना म्हटलं, "कुणाला सांगायचं न्हाई." त्या म्हणाल्या, "मी कशाला सांगतीया?" आमच्या दोघींचं एकमत झालेली ही एवढी एकच गोष्ट.

गावाला आम्ही सांगितलं, की पोरगी लाजाळू आहे, आमच्याकडं सगळेच उशिरा बोलतात. माझ्याकडं बघून हे कुणाला पटलं असेल, देव जाणे.

मी का भ्याले ते सांगितलंच पाहिजे. माझं माहेर कुंडल. लहानपणी आमच्या आळीत एक बाई होती. ती आपल्याशीच पुटपुटायची, हात हलवत चालायची, कुणी अंगाला हात लावला तर किंचाळायची. तिला सगळे येडी म्हणायचे. शाळा सुटली की आम्ही पोरं तिच्या मागं लागायचो. एकदा मी खडा मारला. तो तिच्या कपाळाला लागला आणि तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. मी सात-आठ वर्षांची असेन. घरी येऊन जेवले, झोपले, मला काही वाटलं नाही. वाटलं ते सांगलीच्या एसटीत, मांडीवर माझी पोरगी झोपलेली असताना. खडा मारणारी पोरं कुठल्याही गावात असतात आणि ती चांगल्या घरातली असतात, हे मला माझ्यावरूनच ठाऊक होतं.

आणि खड्याच्याही आधी बोलणं येतं. आमच्या भावकीत बोलण्याचा मक्ता माझ्या चुलत जाऊबाईंकडं होता. त्या माझ्याहून दहा वर्षांनी थोरल्या, त्यांचं शेत आमच्या शेताला लागून. दोन्ही शेतांमध्ये सामाईक विहीर आहे आणि तिच्या पाण्याच्या पाळीवरून आमचं असं वाजलं होतं, की दोन वर्षं बोलणं बंद. बोलणं बंद म्हणजे माझ्याशी. बाकी जगाशी त्या चौपट बोलायच्या. त्यांच्या ओट्यावर सकाळी पडलेली गोष्ट दुपारपर्यंत चार हात आणि सहा पाय फुटून नदीपलीकडं पोचायची. फाइल शालूखाली ठेवली ती मुख्यतः त्यांच्यापासून. माझ्या पोरीला गावात कोण पहिल्यांदा येडी म्हणेल, असं मी मनाशी विचारायचे तेव्हा मला त्यांचंच तोंड दिसायचं.

लपवायचं म्हणजे रोज काहीतरी करावं लागतं. पोरीला मोठा आवाज सोसत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी ती कान दाबून माझ्या पोटात डोकं खुपसते. म्हणून आमच्याकडं डाळ पातेल्यात शिजते आणि मी सगळ्यांना सांगते, की पातेल्यातल्या आमटीला चव येते. गावच्या जत्रेला डीजे लागतो. त्यामुळं माझ्या कुंडलच्या आईला दर वर्षी नेमकं जत्रेच्याच आठवड्यात दुखणं यायचं. आई ठणठणीत आहे, अजून रानात जाते.

आणखी एक लपवलं, ते सांगायला मला जास्त लाज वाटते. पोरगी सात वर्षांची असताना एके दिवशी तिनं माझ्या डब्यातली सुई घेतली आणि मी शिवायला घेतलेल्या वाकळेवर धावदोरा घालायला लागली. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून हातानं शिवलेली ती आमच्याकडची वाकळ. मी रागावणार होते, पण टाके बघून गप्प बसले. तांदळाच्या दाण्याएवढा एक टाका, तेवढंच अंतर, परत टाका. रेघ वाकडी नाही. कडेला पोचली की कडेकडेनं वळायची आणि चौकोनात चौकोन घालत मधोमध यायची. शिवताना ती हलक्या आवाजात गुणगुणायची आणि तिचे खांदे सैल पडायचे. कुणी सांगितलं म्हणून ती शिवत नव्हती, तिला ते आवडत होतं. पुढं बायका वाकळा शिवून मागायला लागल्या. "तुझा हात लय बारीक गं," म्हणायच्या. मी म्हणायचे, "व्हय, नजर चांगली हाय माझी." चार वर्षं मी माझ्या लेकीच्या हातची कला माझ्या नावावर खपवली. पोरगी कुठं बसून शिवते हे दिसलं, तर ती शाळेत का जात नाही, बोलत का नाही, हे सगळंच निघालं असतं.

आता त्या दिवसाचं सांगते.

गेल्या दिवाळीनंतर पलीकडच्या वस्तीवरची शेळी बिबट्यानं नेली. आमच्याकडं बिबट्या नवा नाही. उसातच त्यांची पिल्लं होतात, उसातच वाढतात. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली, की एकट्यानं रानात जाऊ नका, जाताना आवाज करत जा, आवाज झाला की तो बाजूला होतो. गावानं ते फारच मनावर घेतलं. पाणी पाजायला निघालेला माणूस तेलाचा रिकामा डबा बडवत निघायचा. पोरं दिवाळीतले उरलेले फटाके खिशात घेऊन फिरायची. मी पोरीच्या कानाला माझी जुनी लोकरी टोपी घातली आणि परसाकडचं दार लावून घ्यायला लागले.

त्या दुपारी तीनच्या सुमाराला पोरगी मागच्या पडवीत वाकळ घेऊन बसली होती. सासूबाई माजघरात कलंडल्या होत्या. मी मशीनवर होते, लग्नाचं ब्लाउज द्यायचं होतं, काजं करायची राहिली होती. आमच्या घरापुढच्या वाटेवर कुणीतरी फटाक्यांची लड लावली. चांगली लांब लड होती. मला वाटलं, आता पोरगी पळत येईल आणि माझ्या पोटात डोकं घालेल. नेहमी यायची. मी मांडीवरचं ब्लाउज बाजूला करून ठेवलं आणि वाट बघितली. ती आली नाही. मला वाटलं, टोपी आहे, सोसलं असेल. मी ब्लाउज परत घेतलं आणि आणखी दोन काजं केली.

ती दोन काजं मला अजून झोपू देत नाहीत.

पडवीत गेले तर वाकळ पसरलेली होती, सुई अर्ध्या टाक्यात अडकलेली होती आणि टोपी खाली पडली होती. दाराची कडी तिनंच काढली होती. चपला तिथंच होत्या. परसाच्या कडेला उसाची दोन पानं मोडून आत वळलेली दिसली, बस्स.

माझ्या तोंडातून जी किंकाळी निघाली ती ऐकून सासूबाई उठल्या आणि अर्धी वस्ती गोळा झाली. मी सांगितलं ते एवढंच, की पोरगी उसात गेली. पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही. आपल्या माणसांना अशा वेळी बोलवावं लागत नाही, हे मी मान्य करते. पाच मिनिटांत देवळातल्या भोंग्यावरून कुणीतरी ओरडायला लागलं, की अमक्याची मुलगी उसात गेली आहे, डबे घेऊन या. अर्ध्या तासात सत्तर-ऐंशी माणसं आली. डबे, पराती, थाळ्या, जत्रेतली हलगी, फटाके. कुणी कामावरचं आलं होतं, कुणी जेवणावरचं. भावकीतले एक रिटायर्ड सुभेदार आहेत, माझे चुलत सासरे. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांनी माणसं लावली. आमच्या घराच्या बाजूनं एक रांग, रस्त्याच्या बाजूनं एक. दोन्हीकडून आवाज करत पुढं सरकायचं, म्हणजे बिबट्या असला तर नदीकडं निघून जाईल आणि पोरगी मोकळी सापडेल.

विचार चांगलाच होता. दुसऱ्या कुणाची पोरगी असती तर मीही परात घेऊन रांगेत उभी राहिले असते.

सगळ्यांनी एकदम सुरुवात केली. डबे, हलगी, भोंगा, फटाके, आणि प्रत्येक जण पोरीच्या नावानं हाका मारत होता. मी कडेला उभी होते आणि मला एकटीलाच कळत होतं काय चाललंय ते. कुकरच्या शिट्टीला जी पोटात शिरते ती या आवाजाला काय करेल? ती आवाजापासून लांब पळेल. आवाज दोन बाजूंनी पुढं सरकतोय, म्हणजे ती तिसऱ्या कोपऱ्याकडं जाईल. बारा एकर सलग ऊस, आणि त्या कोपऱ्यात आमची सामाईक विहीर. बांधून काढलेली, साठ फूट खोल, कठडा नसलेली. तिचा कठडा कुणी बांधायचा यावरूनही आमचं भांडण होतं.

बिबट्याची भीती मला तेव्हा वाटलीच नाही. मला गावाची भीती वाटली. ऐंशी भली माणसं माझ्या पोरीला हाकलत विहिरीकडं नेत होती.

मी ओरडले, "आवाज बंद करा!" हलगीत कुणाला ऐकू गेलं नाही. आबांचा हात धरला. ते म्हणाले, "पोरी, आवाज केल्याबिगर कसं? जनावर हाय आत." मी म्हटलं, ती भिते आवाजाला. ते म्हणाले, "पोरगी भिऊन रडंल, पन जित्ती ऱ्हाईल." आणि त्यांना काय चुकीचं म्हणायचं? त्यांना मीच सांगितलं होतं, की ती फक्त लाजाळू आहे. लाजाळू पोरगी आवाज ऐकून आईकडं येते.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांना कळलं होतं मी काय बोलणार आहे ते. "घरातलं घरात ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. मी हात सोडवून घेतला. परसात पाण्याची टाकी आहे, तिच्या कट्ट्यावर चढले आणि माझ्या या तोंडाचा आयुष्यात पहिल्यांदा काही उपयोग झाला.

"माझी पोरगी लाजाळू न्हाई," मी ओरडले. "मी खोटं बोलले तुमच्याशी. तिला ऑटिझम हाय. जन्मापासनं हाय. सांगलीच्या डॉक्टरनं लिहून दिलंय. ती नावानं हाक मारली तर ओ देत न्हाई. तिला आवाज लागतो, आपल्याला चटका लागतो तसा. तुमी जेवढं बडवाल तेवढी ती पुढं जाईल आन् पुढं हीर हाय! गप बसा! तुमच्या पाया पडते, सगळी गप बसा! दिसली तर हाक मारू नका, तिला हात लावू नका, नुसतं बसा!"

हलगी थांबली. मग डबे थांबले. एक परात तेवढी वाजत राहिली. ती जाऊबाईंची होती. त्या रस्त्याच्या बाजूला सगळ्यांत पुढं होत्या, परातीवर लाटणं आपटत होत्या, आणि मी सगळं बोलले ते शेवटी त्यांच्याकडंच बघत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. परात खाली ठेवली, लाटणं परातीत ठेवलं, आणि एक शब्द न बोलता बांधानं चालू लागल्या. मला वाटलं, गेली. हिला आता बातमी पोचवायची घाई. त्या घटकेलाही माझ्या मनात त्यांच्याविषयी हेच आलं.

एक जण म्हणाला, "पन आबा, गप बसलो आन् जनावर आत असलं तर?"

आबांनी एकदा उसाकडं पाहिलं. मग म्हणाले, "असलं तर असलं. पोरगी बी आतच हाय न्हवं? आईला ठावं असंल का आपल्याला?" आणि पलटणीत देत असतील तशा आवाजात, पण हळू, हुकूम दिले. एकानं पळत जाऊन भोंगा बंद करायचा. मोबाइल बंद. ट्रॅक्टर बंद. सगळ्यांनी उसाच्या कडेला दहा-दहा पावलांवर खाली बसायचं आणि उसाकडं बघत राहायचं. कुणी खोकायचंसुद्धा नाही.

माणसं खाली बसली. मी आमच्या गावाला इतकं गप्प कधीच ऐकलं नव्हतं, मयतीलासुद्धा नाही. लांबवर रस्त्यावरची गाडी ऐकू येत होती. एका पोराच्या हातात हलगी होती, ती वाऱ्यानंही वाजू नये म्हणून त्यानं पोटाशी धरली होती.

मी उसात शिरले. आबा कोयता घेऊन मागं आले. हाक मारायची नव्हती, म्हणून मी नुसती चालत होते. बाहेर अजून ऊन होतं, आत संध्याकाळ झाली होती. पानं तोंडाला, हाताला कापत होती. सकाळी पाणी दिलेलं, त्यामुळं सरीत चिखल होता आणि त्या चिखलात मला पोरीचं पाऊल दिसलं. लहान टाच, फाकलेली बोटं. मी खाली बसून त्या पावलाला हात लावला. पाऊल विहिरीच्या दिशेनं होतं.

पुढं वाळल्या पानांचं पाचट पडलेलं होतं, तिथं पावलं संपली.

गोंगाटात माणूस कमी भितो, हे मला तिथं कळलं. शांततेत प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येतो. पाचट करकरलं की मी थांबायचे, आबा थांबायचे. पोरगी असेल. बिबट्या असेल. उंदीर असेल. एकदा डावीकडं सरसर झाली, दोन-तीन ऊस हलले आणि परत सगळं थांबलं. आबांनी कोयता वर धरला. त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. मला ओरडावंसं वाटत होतं. माझ्या घशापर्यंत पोरीचं नाव आलं होतं आणि मी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. मी सगळ्यांना गप्प बसवलं होतं. आता जर जनावरानं तिला धरलं असेल तर ते माझ्यामुळं. डबे वाजत असते तर ते पळालं असतं. असं मला प्रत्येक पावलाला वाटत होतं. देवाचं नावही मला आठवेना. मी मनात नुसतं म्हणत होते, पाण्याचा आवाज नको, पाण्याचा आवाज नको.

आणि मला पाण्याचा आवाज आला. डुबुक. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा डुबुक.

आबांनी मला काखेत हात घालून पुढं नेलं. उसाची शेवटची सरी ओलांडून आम्ही बाहेर आलो तेव्हा दिवस टेकडीला लागला होता.

विहिरीच्या काठावर माझी पोरगी बसली होती. पाय आत सोडलेले. तिच्या शेजारी, हातभर अंतरावर, जाऊबाई बसल्या होत्या. त्यांनी मातीची ढेकळं फोडून त्यांचे सुपारीएवढे तुकडे केले होते आणि ते तिच्या बाजूला एका ओळीत मांडून ठेवले होते. पोरगी एक तुकडा उचलायची, पाण्यात टाकायची, आवाज ऐकायची, आणि ऐकून झालं की पुढचा उचलायची. ती गुणगुणत होती. जाऊबाईंनी तिला हात लावला नव्हता. पण पोरीच्या फ्रॉकचा घेर मागं पसरला होता आणि त्यावर त्या सबंध वजनानिशी मांडी घालून बसल्या होत्या. पोरगी पुढं झुकली असती तरी जागची हलली नसती.

मला बघून त्या उठल्या नाहीत. मी मागून जाऊन पोरीच्या दुसऱ्या बाजूला बसले, घेर मुठीत धरला. पोरीनं माझ्याकडं पाहिलं नाही, पण सरकून डोकं माझ्या पोटाला लावलं. मग जाऊबाईंनी माझ्याकडं तोंड वळवलं आणि अगदी श्वासाच्या आवाजात विचारलं, "आता बोलू का?"

मी मान डोलावली.

"पायात काटा मोडलाय बग तिच्या," त्या म्हणाल्या. "मगापासनं रगात येतंय. तू हात लावू नगं म्हणलीस, म्हणून काढला न्हाई." एवढं बोलून त्या रडायला लागल्या आणि रडण्याचा आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडावर दाबून धरला.

बांधानं त्या निघाल्या होत्या त्या थेट विहिरीवर आल्या होत्या. विहिरीची भीती माझ्याखालोखाल त्यांनाच ठाऊक होती. पोरगी उसातून बाहेर आली तेव्हा त्या तिथं बसलेल्या होत्या. तासभर तरी त्या तशाच बसून होत्या. सापडली म्हणून ओरडल्या नाहीत, कुणाला बोलावलं नाही, कारण ती काठावर होती.

आबा हळूच बांधावर गेले आणि खांद्यावरचा टॉवेल हलवून त्यांनी माणसांना खूण केली. माणसं उठली आणि आपापले डबे छातीशी धरून घराकडं गेली. कुणाचा डबा वाजला नाही.

यापुढं सगळं छान झालं असं मी सांगणार नाही. मी अजून भिते. फाइल बाहेर काढली, पोरीच्या शाळेचं नव्यानं बघतेय, कठड्याच्या विटा आल्यात. पण ती मोठी होईल, मी म्हातारी होईन, आणि प्रत्येक गावात खडा मारणारी सात-आठ वर्षांची पोर असतेच. परवा दुकानात एका बाईनं मला ऐकू जाईल अशा बेतानं "बिच्चारी" म्हटलं. मी तिच्याशी भांडले. त्याआधी वाकळा मागायला आलेल्या बायकांना मी खरं सांगितलं, की हात माझा नाही, हिचा आहे. एक-दोघी रागावल्या, चार वर्षं फसवलं म्हणून. एक उठून पडवीत गेली आणि पोरीचे टाके बघत बसून राहिली, आपल्या स्वैपाकाची वेळ टळली तरी.

त्या दुपारनंतर चौथ्या दिवशी जाऊबाई आल्या. सासूच्या वेळचं एक लुगडं होतं काखेत, त्याची वाकळ करायची म्हणाल्या. पोरीपासून हातभर अंतर सोडून बसल्या, सुईत दोरा ओवला आणि दुसऱ्या कडेनं टाके घालायला लागल्या. त्यांचे टाके वाकडेतिकडे. पोरगी मधून मधून हात लांब करून त्यांचा टाका उसवायची आणि परत घालायची. त्या करू देत होत्या. बऱ्याच वेळानं त्या खालच्या आवाजात मला म्हणाल्या, "तुला एक सांगायचं ऱ्हायलं."

"काय, अक्का?"

"त्या दिवशी हिरीपल्याडच्या बांधावर ते बसलं हुतं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, की ते म्हणजे बिबट्या.

"किती वेळ?"

"मला काय ठावं? लय वेळ. आमच्याकडं बगत हुतं. ही ढेकळं टाकत हुती. मग उठलं आन् नदीकडं गेलं."

"आवं अक्का, मग वरडला का न्हाई तुमी?"

त्यांनी दोरा दातानं तोडला. "तूच म्हणलीस न्हवं," त्या म्हणाल्या, "गप बसा म्हणून."

जाऊबाई कुठलीही गोष्ट वाढवून सांगतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण ही गोष्ट त्यांनी माझ्याशिवाय अजून कुणालाच सांगितलेली नाही, म्हणून मी ती खरी मानते.